तोललेला वाटा

जेसल पार्कमधल्या सोसायटीच्या फाटकाशी उत्तनच्या कोळीवाड्यातली सेलेस्टिन दर बुधवारी आणि शुक्रवारी मासळीची पाटी उतरवी. भौतिकशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक पंढरीनाथ तळेकर तिच्याकडून बोंबील घेत, पण खरे पाहता ते बोंबलांसाठी खाली येत नसत. त्यांची पत्नी आशा करोनाच्या दुसऱ्या लाटेत गेली होती. वीस वर्षे फाटकाशी उभी राहून ती सेलेस्टिनशी जे बोलली, ते घरी कधी बोलली नव्हती. सेलेस्टिन त्यातले काहीबाही सांगे. आशाला मुलगी हवी होती. सरांच्या शिट्टी वाजवण्याचा तिला राग येई, आणि सर परगावी गेले की त्या शिट्टीवाचून करमत नसे. आत्मा, परलोक असल्या गोष्टींवर पंढरीनाथांचा विश्वास नव्हता. आशाविषयी नवी माहिती मिळण्याचा जगात हा एकच स्रोत उरला आहे, एवढे मात्र ते जाणून होते.

ओले बोंबील वाट्याने विकायचे, एका वाट्याचे शंभर रुपये. गिऱ्हाइकाने हुज्जत घालून दोन जास्त मागावेत, पण वाटा तोलू नये, असा रिवाज.

युद्धामुळे तेल भडकले त्या वर्षी रिझर्व्ह बँक व्याजदर वाढवू लागली, तेव्हा पंढरीनाथांनी सेलेस्टिनला त्यामागचा सिद्धांत समजावला होता. कर्ज महागले की लोक हात आखडतात, मागणी घटते, महागाई उतरते. त्यांच्या मुदतठेवींचे व्याजही वाढले होते, त्यामुळे सिद्धांत त्यांना जरा जास्तच पटला होता. तिने मान डोलावून ऐकून घेतले होते.

त्याच हिवाळ्यात त्यांनी एकदा स्वयंपाकघरातल्या काट्यावर वाटा ठेवला. संशय नव्हता, रिकामा वेळ होता. साडेसातशे ग्रॅम भरले. मग ते दर वेळी तोलू लागले. होळीपर्यंत वाटा सव्वापाचशेवर आला आणि किंमत शंभरच राहिली. एक राशी स्थिर धरली की बदल दुसरीत जातो, हे त्यांनी आयुष्यभर शिकवले होते. भाव चाळीस टक्क्यांहून अधिक वाढला होता आणि कोणाला दिसला नव्हता. कित्येक महिन्यांनी त्यांना शोधाचा आनंद झाला, आणि त्या आनंदाच्या भरात त्यांनी तो शोध फाटकाशी, चार गिऱ्हाइकांसमोर सांगून टाकला.

सेलेस्टिनचा हात पाटीवरच थांबला. "घरी तोललंत, सर?"

"दर वेळी."

"बाई असती तं तोलू दिलं न्हसतं तिनं."

दुसऱ्या मजल्यावरची स्वाती हसली. "काय मावशी, बोंबील पण डाएटवर ठेवलेत वाटतं! आता किलोनेच द्या हं."

पुढच्या बुधवारी सेलेस्टिनने काटा आणला. किलोला एकशे नव्वद, म्हणजे आधी होता तोच भाव. पण शंभराचा वाटा निमूट उचलणारी स्वाती तो आकडा ऐकून मागे सरली, आणि तिच्यामागून बाकीच्या. पंढरीनाथ घेत राहिले. सेलेस्टिन त्यांना ग्रॅमपर्यंत अचूक तोलून देई आणि पैसे घेऊन दुसरीकडे बघे. एकदा त्यांनी आशाचा विषय काढून पाहिला. "आता आठवत न्हाय, सर," ती म्हणाली. पावसाळ्यात होड्या नांगरल्या आणि त्यानंतर ती पुन्हा आली नाही.

दीड वर्षाने व्याजदर उतरल्याची बातमी आली, त्या आठवड्यात ते उत्तनला गेले. सेलेस्टिन बांबूंच्या वलांडीवर बोंबील वाळत घालत होती, दोन-दोनांचे जबडे एकमेकांत अडकवून. मासळी दुसऱ्याची होती, ती रोजावर होती. तिच्या मुलीने, ब्रिटनीने, खुर्ची आणून दिली, चहा दिला आणि सारे तिनेच सांगितले. वडिलांनी होडीच्या इंजिनासाठी कर्ज काढले होते. व्याज वाढेल तसा हप्ता वाढत गेला. आई वाटा बारीक करून तो भागवत होती. फाटकावरची गिऱ्हाइके तुटली, मग होडी विकली.

म्हणजे पंढरीनाथ सिद्धांत समजावत होते, तेव्हा हप्ता चढू लागलेला होता. ती मान डोलावत होती.

"माझं मोजमाप बरोबर होतं," पंढरीनाथ म्हणाले. ते माफी मागायला आले होते आणि तोंडून हे निघाले.

"व्हतंच की. मी कवा न्हाय म्हटलं?" सेलेस्टिन हात न थांबवता म्हणाली. थोड्या वेळाने तिने विचारले, "व्याज उतरलं म्हनं?"

"हो. पाव टक्का."

तिने मान डोलावली.

चहा संपला तरी ते बसून राहिले. आशाविषयी तिने काही सांगितले नाही आणि त्यांनी विचारले नाही. विचारले असते तर तिने आठवत नाही म्हटले असते, आणि ते खोटे आहे हे त्यांना सिद्ध करता आले नसते.