देव्हाऱ्यातली फिल्लम

मी मुकी फिल्लम बोलतेय. हसायचं तर हसा. नव्वदच्या वर वर्षं गप्प बसले, आता दम निघत नाही.

माझ्या अंगावर एक बाई आहे. धोंडूबाई. मुरबाडकडं म्हसा गावाजवळच्या पाड्यावरच्या मंगळूची लेक. कंपनीवाले घोडे घेऊन डोंगराखाली सिनेमा काढायला आले होते. त्यांच्या नटीला डोहात उडी मारायची होती. ती काठावर बसून रडायला लागली. धोंडू मोळी घेऊन चालली होती. मोळी टाकली, म्हणाली, "सरक गो, मी मारते," आणि मारली. कंपनीनं तिला मुंबईला नेलं.

इकडे मंगळूनं सगळ्या घराला तिच्या नावानं अंघोळ करायला लावली. लेक मेली. नाव घ्यायचं नाय.

मेलेली लेक तिकडे राणी झाली, दरोडेखोरीण झाली. घोड्यावरून पडून हात मोडला, तर झोळीत हात घालून कामावर हजर. कंपनीनं नाव ठेवलं मिस चांदणी. सात-आठ सिनेमे केले. मी शेवटच्यातली. राणी लढाईला निघते. बोलणं वाचायला पडद्यावर मधे पाटी यायची, तिच्यावर लिहिलंय, 'महाराज, निरोप द्यावा.' पण तेव्हा आवाज कुठला? तोंड हललं की झालं. धोंडू वळली आणि म्हणाली, "आये, मी बरी हाय. रडू नको." कंपनीत कुणाला पत्ता नाही. मला कळलं. माझ्यावरच उमटलं ना ते.

म्हसाच्या जत्रेत तंबूत मला लावलं. धोंडूची आई सकुबाई नवऱ्याला बैलबाजारात सोडून गुपचूप येऊन बसली. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून पाटीकडे बघितलंच नाही. लेकीचे ओठ बघितले. ताडकन उठली, "माझ्याशी बोलली गो!"

मागून आरडाओरडा, "बस गो म्हातारे, राणी दिसत नाय!"

मग बोलके सिनेमे आले. धोंडूलाही बोलायला लावलं. तिचं 'नाय' नि 'आमी' ऐकून मोठे लोक पोट धरून हसले आणि तिला घरी पाठवलं. कुठल्या घरी? जिथं तिच्या नावानं अंघोळ झाली, तिथं? पुढं ती कुठं राहिली, कुठं मेली, मला माहीत नाही. पाड्याच्या वाटेपर्यंत येऊन परत गेली असेल, असं उगाच वाटत राहतं.

तंबूवाल्याला मुक्या फिल्लमा नकोशा झाल्या. सकुबाईनं हात जोडून मला मागून घेतलं. नवऱ्याच्या भीतीनं डब्यासकट देव्हाऱ्यात ठेवलं आणि म्हणाली, "देवीचं हाय. हात लावायचा नाय." तेव्हापासून मला एकच आस. या घरातल्या कुणीतरी मला उजेडात धरावं आणि म्हणावं, ही आमची धोंडू.

सकुबाई गेली. मागच्यांना वाटलं, खरंच देवी. दर दसऱ्याला डबा उघडायचा, दूध घालायचं, पाणी घालायचं, हळदकुंकू चोपडायचं. वर्षानुवर्षं! माझं अंग अंगाला चिकटलं, भुगा व्हायला लागला. घाण वास सुटला तर म्हणाले, देवी कोपली, अजून दूध घाला. अरे मेल्यांनो, पावलाच्या ठशावरून कोणाचा बैल ते ओळखता, आणि घरातली पोर ओळखता येत नाही?

गेल्या दसऱ्याला माझं बाहेरचं टोक सुटलं. घरातली पोर निशिगंधा, शहापूरला कॉलेजात जाते, तिनं ते खिडकीत धरलं.

"आई, देवी घोड्यावर बसलीय."

"ठेव खाली!" तिची आई कमळाबाई ओरडली. "कोप होईल."

"अगो, देवी बूट घालते काय?"

कमळाबाईनं डोळा लावला. बराच वेळ लावला. मग लेकीकडे बघितलं. "हनुवटी तुझीच हाय." घरातली एक पोर सिनेमात गेली, तिचं नाव घ्यायचं नाय, एवढं तिनं सासूकडून ऐकलं होतं. नावही ऐकलं होतं, कुजबुजत.

दोघी मुरबाडहून एसटीनं निघाल्या. मी कमळाबाईच्या मांडीवर. मुंबईत जुन्या फिल्लमा दुरुस्त करणारा एक माणूस निशिगंधानं शोधून काढला होता. त्यानं डबा उघडला आणि मागं सरला. "बाई, हिच्यासमोर दिवा लावत होता? असली जुनी फिल्लम ठिणगीनं भडकते, घर पेटलं असतं!"

चार महिने तो माझ्याशी झटला. बाकी सगळी ढेप झालेली. हातभर तुकडा तेवढा सुटला. त्यानं दोघींना बोलावून तो पडद्यावर दाखवला. राणी वळते, ओठ उघडते. संपलं. पुढचं बोलणं माझ्या भुग्यात गेलं.

"परत लाव," कमळाबाई म्हणाली. परत. परत. "काय बोलते गो ही?" मी जीव तोडून सांगत होते. पण मी मुकी.

माणूस नव्या डब्यावर चिठ्ठी लावायला बसला. "जुन्या डब्यावर मिस चांदणी आहे. तेच लिहू?"

"नको," कमळाबाई म्हणाली. "धोंडूबाई लिवा."

"पुढं?"

"मंगळू. तिच्या बापाचं नाव. त्यानं टाकली, आमी घेतली."

आता मी मुंबईतच, जुन्या फिल्लमा जपून ठेवतात त्या थंड खोलीत असते. पाड्यावर परत नेणार नाहीत, पेट घेईन म्हणतात. बरं, नका नेऊ. पण कमळाबाई, येत जा गो अधूनमधून. दूध नको, फूल नको. हातभर उरलेय, तेवढी बघून जा.