स्लॅबखालचे नऊ दिवस

गोव्यातल्या मुळगावच्या त्या वाड्यावर सतरा घरं आहेत आणि त्यांतल्या एकाच घरावर स्लॅब आहे. ते घर विनोदिनी आणि कृष्णनाथ यांचं. खाणी जोरात चालायच्या तेव्हा दोन ट्रकांच्या कमाईवर ते उभं राहिलं. मग खाणी बंद पडल्या, एक ट्रक विकला, दुसरा परसात माडाखाली उभा राहिला, मुलगा गौरेश बोटीवर कामाला गेला, आणि वरच्या मजल्यावरच्या तीन खोल्यांत वाळत घातलेल्या भिरंडाच्या, म्हणजे कोकमाच्या, सोलांखेरीज कोणी उरलं नाही.

वादळ आलं ते मे महिन्यात, भर दुपारी. आधी हवा इतकी थांबली की कुत्रीसुद्धा उठून उभी राहिली. मग समोरच्या पल्लवीच्या घरावरची कौलं एकामागून एक उठली, क्षणभर हवेत टांगल्यासारखी दिसली आणि पलीकडच्या काजूच्या बागेत जाऊन पडली. पल्लवी सात वर्षांच्या सिद्धीला छातीशी धरून धावत आली. तिच्या मागोमाग दुसरी घरं आली. वीज गेली, रस्त्यावर झाडं आडवी झाली, आणि संध्याकाळ व्हायच्या आत विनोदिनीच्या हॉलमध्ये चौदा मुलं बसली होती, ओल्या केसांची, गप्प.

दुसऱ्या दिवसापासून मोठी माणसं छपरं सारखी करायला लागली. मुलं पायात नकोत, कौलाचा तुकडा लागायला नको, म्हणून सगळ्यांनी ती तिथेच ठेवली. विनोदिनी म्हणाली, "राहू देत गो. माझं घर रिकामंच तर आहे."

परसातला आंबा मुळासकट कलंडून हॉलच्या जनेलांवर टेकला होता. खिडकीच्या गजांतून पानं आत आली होती. त्यामुळे दिवसभर खोलीत हिरवा, मंद उजेड असायचा. भिंती हिरव्या, चटया हिरव्या, मुलांचे हातपाय हिरवे. सिद्धी पालथी पडून म्हणाली, "काकी, आपण तळीच्या बुडाशी राहतो." मग सगळी मुलं हळू हळू चालू लागली, हात पसरून, जणू खरंच पाणी कापत होती. बोलायचीही हळू. दुपारी जेवून एका ओळीत झोपायची. कोणाचा पाय कोणाच्या पोटावर, कोणाचं तोंड कोणाच्या केसांत. विनोदिनी दारात बसून बघायची. चौदा श्वास कधी एकदम वर जायचे, कधी वेगवेगळे व्हायचे. बाहेर कुऱ्हाडींचे आवाज येत, ते फार लांबून आल्यासारखे वाटत.

कृष्णनाथ ट्रकच्या टाकीतलं डिझेल काढून तासभर जनरेटर चालवायचा. पाण्याची टाकी भरायची, लोकांचे फोन चार्ज व्हायचे. बाकी वेळ वीज नसे. विनोदिनी मोठ्या टोपात पेज शिजवायची, पडलेल्या कैऱ्यांच्या फोडी द्यायची, एकाच तांब्याने सगळ्यांना पाणी पाजायची. इतकं हसू त्या घरात गौरेश लहान असतानाही झालं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी कोमल जेवली नाही. कोमल नऊ वर्षांची, पार्वती आणि विठ्ठल यांची मुलगी. सावंतवाडीकडचं कुटुंब. विठ्ठल दुसऱ्यांचे ट्रक चालवायचा, आणि वाड्याच्या टोकाला दत्तारामच्या एका खोलीत ती तिघं भाड्याने राहत. विनोदिनीने तिला जवळ घेतलं. डाव्या कानाखाली जबड्यापाशी सूज होती, फार नाही. अंग कोमट होतं.

"दाढ दुखते?"

कोमलने मान हलवली. ते हो होतं की नाही, ते विनोदिनीने दुसऱ्यांदा विचारलं नाही.

तिने लवंग दिली, फडकं गरम करून बांधलं. बांधता बांधता तिला आपला भाऊ आठवला. लहानपणी त्याचे गाल असेच सुजले होते. आईने त्याला माडीवर वेगळं ठेवलं होतं, आणि लहानगी विनोदिनी जिन्याखालून त्याला हाका मारायची. गालगुंड. शब्द मनात आला आणि तसाच थांबला. पार्वतीच्या खोलीला अजून छप्पर नव्हतं. पोरीला तिथे पाठवायचं? आणि एकीला पाठवलं की बाकीच्यांच्या आया येणार, आपापली मुलं उचलणार. तेवढ्यात पलीकडून सिद्धीने हाक मारली. विनोदिनी उठली. संध्याकाळी पार्वती आली तेव्हा तिला सांगितलं, "दाढ आलीय वाटतं." त्या दुपारीही कोमल ओळीतच झोपली होती, सिद्धीच्या शेजारी.

नवव्या दिवशी वीज आली. लोकांनी आंबा कापून नेला. खोलीत पांढरं ऊन पडलं आणि हॉल नेहमीचा हॉल झाला. मुलं चपला शोधून निघून गेली.

शाळा सुरू होऊन चार दिवस झाले नाहीत तोच चौदांतला साईश अंथरुणाला लागला. मग सिद्धी. मग एकेका घरातून बातमी यायला लागली. चौदांपैकी अकरा जणांचे गाल सुजले. शाळेतल्या त्यांच्या शेजारी बसणाऱ्यांकडेही ते गेलं. वाड्यावरून चालताना खिडकीखिडकीत गोल तोंडं दिसायची, डोक्यावरून हनुवटीखाली फडकी बांधलेली. सगळी एकाच आजीची नातवंडं असल्यासारखी. बाहेर पाऊस संथ पडत राही आणि मुलं काचेआडून एकमेकांकडे बघून हात हलवत. तापातली मुलं, त्यामुळे हातही सावकाश हलत.

आरोग्य केंद्रातल्या नर्सबाई स्कूटरवरून आल्या. घरोघर जाऊन नावं लिहून घेतली, कोणाला कोणती लस दिली, कोणाची राहिली ते विचारलं. विनोदिनीकडे चहा घेताना त्या म्हणाल्या, "वादळ झालं की पाण्याचे आजार येतात, म्हणून आम्ही विहिरींत पावडर टाकत फिरलो. जुलाबाची एक केस नाही झाली इथे. पण छपरं गेली की मुलं एका खोलीत येतात, तिकडे बघायचं राहून गेलं. एक पोर दोन आठवडे आधी आजारी असणार. कोण होतं, कळलं का?"

"नाही," विनोदिनी म्हणाली.

नर्सबाईंनी कप खाली ठेवला. "असू दे. यात दोष कोणाचाच नसतो. पण पुढच्या वेळी असं झालं तर मला लगेच फोन करा."

मुलं बरी झाली. महिन्याभरात सगळी धावायला लागली. सिद्धीही. एका रविवारी पुण्याहून तिच्या मामाचा फोन आला. पल्लवीने फोन तिच्या उजव्या कानाला लावला.

"मामा बोलत नाही," सिद्धी म्हणाली.

"बोलतोय गो, नीट ऐक."

"नाही बोलत."

पल्लवीने फोन घेतला तर भाऊ बोलत होता. तिने फोन पुन्हा सिद्धीच्या उजव्या कानाला लावला, मग डाव्या. डाव्याला लावताच सिद्धी हसली. पल्लवी मात्र खाली बसली.

डॉक्टरांनी सांगितलं, गालगुंडात असं क्वचित होतं. कानाची नस गेली आहे. डावा कान चांगला आहे, शाळेत पुढे बसवा, वर्षातून एकदा तपासून घ्या. उजवा परत यायचा नाही.

मग वाड्याला दोष द्यायला कोणीतरी हवं होतं. ज्या घरात मुलं जमली त्या घराला बोलायचं कोणाला जमेना. नऊ दिवस सगळ्यांनी तिथली पेज खाल्ली होती. कुणाला तरी आठवलं की कोमलला जूनमध्ये काहीच झालं नव्हतं, म्हणजे तिला आधीच होऊन गेलं असणार. तिथून पुढचं सोपं होतं. ही बाहेरची माणसं, सारखी गाड्यांवर फिरणारी, त्यांनीच आणलं. दत्तारामने विठ्ठलला सांगितलं, गणेश चवथीच्या आत दुसरी खोली बघ.

लोकांचं बोलणं विनोदिनीच्या कानावर होतंच, खोलीचं तिला कृष्णनाथकडून कळलं. ती भाजी चिरत होती. चिरायची थांबली.

"कोमलचा गाल मी बघितला होता," ती म्हणाली. "तिसऱ्याच दिवशी."

कृष्णनाथने परसातल्या ट्रककडे बघितलं. "तुला कोणी विचारलंय?"

"नर्सबाईंनी विचारलं होतं. मी नाही म्हटलं."

"मग आता कशाला? कान काय परत येणार आहे?"

त्या रात्री तिला स्वप्न पडलं की ती हिरव्या पाण्यात चौदा मुलांना मोजतेय आणि दर वेळी चौदाच भरतात, एकही कमी होत नाही, आणि याचंच तिला भय वाटतंय.

सकाळी पोदेर पाव घेऊन येतो तेव्हा त्याची सायकल वडाच्या पाराशी थांबते. बायका तिथेच जमतात. पार्वती एका कडेला उभी होती, तिच्याभोवती दोन हातांची जागा मोकळी सोडलेली. विनोदिनी नेहमी कृष्णनाथला पाठवायची. आज स्वतः आली. पिशवी पुढे न करताच म्हणाली, "मला सगळ्यांना एक सांगायचंय."

पोदेरने टोपलीवरचं प्लास्टिक अर्धवट उचललेलं होतं, ते तसंच धरून राहिला.

"कोमलचा गाल माझ्या घरात सुजला होता. तिसऱ्या दिवशी. मी हात लावून बघितला. मला गालगुंडाची शंका आली होती. मी कोणाला सांगितलं नाही. पार्वतीला मी दाढ म्हणून सांगितलं. तिला काहीच माहीत नव्हतं."

पल्लवी समोर उभी होती. तिचा आवाज अगदी हळू आला. "शंका आली होती, आणि सिद्धीला तिच्या शेजारी झोपवलंत?"

"हो."

"का, वहिनी?"

विनोदिनीने रात्रभर उत्तरं जुळवली होती. छप्पर नव्हतं, पाऊस होता, कोमल तरी कुठे जाणार. सगळी खरी होती. पण तोंडातून निघालं ते वेगळंच. "मला वाटलं एक गेली की सगळीच जातील. मला ती जायला नको होती."

पल्लवीने पाव घेतले आणि ती गेली. एकेक करून बाकीच्याही गेल्या. पार्वती राहिली. विनोदिनीला वाटलं, ही आता काहीतरी चांगलं बोलेल. पार्वती जवळ आली. तिचे डोळे भरले होते, पण रागाने.

"माज्या चेडवाक, कोमलाक, बरा नव्हता ह्या तुमका म्हायत होता," ती म्हणाली. "आणि माका दाढ म्हणान सांगितलात. महिनाभर लोक माका काय काय बोलले. तुम्ही ऐकत होतात ना?"

"ऐकत होते."

"मग?"

विनोदिनीने हात जोडले. पार्वतीने ते बघितलं न बघितलंसं केलं आणि पिशवी झटकून घराकडे वळली.

त्या दिवसाचा एवढा परिणाम झाला की दत्तारामने खोलीचा विषय पुन्हा काढला नाही. चवथीला पार्वतीच्या खोलीत गणपतीच्या डोक्यावर फळापानांची माटोळी बांधली गेली. विनोदिनीने नर्सबाईंना फोन करून खरं सांगितलं. त्यांनी "बरं केलंत" म्हटलं आणि वहीत लिहून घेतलं. पल्लवी मात्र तिच्याशी बोलायची बंद झाली. तिचं दार विनोदिनीच्या दाराच्या थेट समोर. दोघी एकाच वेळी अंगण झाडत आणि पाठमोऱ्या होत. सिद्धी यायची. तिला कोणी येऊ नको म्हटलं नव्हतं, किंवा म्हटलं असेल तर त्या कानाला म्हटलं असेल, असं तीच हसून सांगायची.

ऑक्टोबरात एका सकाळी पल्लवी फाटकाशी आली. आत नाही आली.

"सिद्धीचा कान तपासायला म्हापशाला न्यायचंय. मला फॅक्टरीत रजा नाही, ह्यांची ड्युटी आहे." ती रस्त्याकडे बघत बोलत होती. "तुम्ही न्याल?"

"नेते."

"डॉक्टर म्हणतील ते सगळं सांगा मला. सगळं."

तपासणीला वेळ लागला नाही. काचेच्या खोलीत सिद्धीच्या कानांवर यंत्र लावलं, आवाज आला की बोट वर करायचं. विनोदिनी काचेबाहेरून बघत होती. बोट वर जायचं, वर जायचं, मग बराच वेळ जायचं नाही. सिद्धीचे डोळे मिटलेले होते आणि तोंडावर कुठेतरी लांब पोचल्यासारखी शांतता होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, उजवा तसाच आहे, डावा उत्तम.

परतीच्या बसमध्ये सिद्धीने खिडकी घेतली. अस्नोडा गेल्यावर तिने डावा कान विनोदिनीच्या मांडीवर टेकला.

"असं केलं की सगळं बंद होतं," ती म्हणाली. "बस पण बंद. मग मला पाण्यात असल्यासारखं वाटतं."

"भीती वाटते?"

पण सिद्धीला ते ऐकू गेलं नाही. तिला झोप लागली होती. बस खडखडत होती, कुणाच्या तरी पिशवीतल्या कोंबडीने दंगा मांडला होता, कंडक्टर दारात लोंबकळून ओरडत होता, आणि मुलगी त्या सगळ्याच्या खाली झोपली होती. बाहेर कापलेली शेतं मागे सरकत होती. विनोदिनीला वाटलं, न उठवता आपला थांबा सोडून असंच पुढे डिचोलीपर्यंत जावं. मग तिने मुलीच्या पाठीवर हात ठेवला आणि थोपटून तिला जागं केलं.

थांब्यावर पल्लवी उभी होती, फॅक्टरीचा निळा कोट अजून अंगात.

"काय म्हणाले?"

विनोदिनीने सांगितलं. यंत्राचं, बोटाचं, उजव्या कानाचं. बसमध्ये मुलगी काय म्हणाली तेही सांगितलं. पल्लवी ऐकत राहिली. मग "चला" म्हणाली.

तिघी वाड्याकडे चालू लागल्या. सिद्धी मध्ये, एका हाताला आई, दुसऱ्या हाताला काकी. थोडं पुढे गेल्यावर तिने दोन्ही हात सोडले. "मला एकीचंच ऐकू येतं," ती कुरकुरली, आणि मागून वळसा घालून रस्त्याच्या उजव्या कडेला गेली. आता दोघीही तिच्या डाव्या बाजूला होत्या, एकमेकींच्या शेजारी.

"आता बोला," सिद्धी म्हणाली.