गुरुदासाचा पॉइंट

मालवणी माणसाला वाद घालायला कारण लागत नाही, मग इंग्रजी कुठून लागणार? पण छप्पन्न साली गुरुदास मुंबईच्या एका कॉलेजातली शिपाईगिरी सोडून गावी आला आणि आमच्या भांडणांना उच्च शिक्षण मिळाले.

त्या कॉलेजात वादविवाद स्पर्धा होत. गुरुदास वक्त्यांना पाणी नेऊन देई आणि येताना एकेक शब्द उचलून आणी. गावात बांगड्यांचा भाव पटला नाही की तो 'आय बेग टू डिफर' म्हणे. एकदा तो बाबलीला म्हणाला, 'तुज्या बोलण्यात कॉन्ट्राडिक्शन आसा.' हा आईवरून बोलला असे समजून बाबली वल्हे घेऊन धावला. अर्थ गुरुदासालाही ठाऊक नव्हता, पण आम्ही त्याला विद्वान ठरवून टाकले. आम्ही मूर्खच होतो.

किनाऱ्याच्या टोकाला एक खडक आहे. कधीकाळी कुणा गोऱ्या साहेबाने नकाशासाठी त्यावर चुना फासला आणि त्याला पॉइंट म्हटले, म्हणून आम्हीही पॉइंटच म्हणतो. त्याच्या आडोशाला तळ साफ वाळूचा, त्यामुळे रापण, म्हणजे सगळ्यांनी किनाऱ्यावरून दोर धरून ओढायचे मोठे जाळे, तिथेच लावता येते. जागा आमच्या खालच्या वाडीची. पलीकडच्या वाडीचा दाजी म्हणू लागला, आमची. प्रकरण प्रांतसाहेबांकडे गेले. जागा गेली तर आमच्या वाडीचे पोट गेले, हे शेंबड्या पोरालाही कळत होते.

साहेब मद्रासकडचे. मराठी त्यांना जेमतेम कळे, कारकून समजावून सांगे. सुनावणीला ते खडकापाशीच आले. मासे विकणारी आमची चंद्रावतीकाकी आधी उठली. म्हणाली, "आमच्या वाडयेचो नारळ दर्यात पडल्याबिगर हयसर कोणाचा जाळा पडणा नाय. ह्या दाजीक पण म्हायत आसा."

"काकी, तू खाली बस," गुरुदास म्हणाला. "सायबाक इंग्रजीत सांगूक होया."

आणि आम्हीच काकीला पदर ओढून बसवले.

गुरुदासाने एक ब्रह्मास्त्र राखून ठेवले होते. कॉलेजात एकदा एक मुलगा 'आय कन्सीड द पॉइंट' म्हणून मान लववून खाली बसला, तेव्हा सगळ्या हॉलने टाळ्या वाजवल्या होत्या. एवढ्या टाळ्या जिंकणाऱ्यालाच मिळतात, असा गुरुदासाचा हिशेब. त्यात इथे भांडणही पॉइंटचेच. त्याने कोट सारखा केला, दाजीकडे बोट रोखले आणि गरजला, "सर, आय कन्सीड द पॉइंट."

साहेब चकित झाले. "यू कन्सीड द पॉइंट?"

"होल पॉइंट, सर."

साहेबांनी उठून त्याचा हात हातात घेतला. आम्ही टाळ्या वाजवल्या. दाजीची माणसे मान खाली घालून बसली. गुरुदासाने कागदावर झोकदार इंग्रजी सही ठोकली आणि मग कारकुनाने मराठीत वाचून दाखवले, "खालच्या वाडीने दुसऱ्या पक्षाचे म्हणणे मान्य करून पॉइंटवरचा हक्क आपण होऊन सोडला आहे."

तेव्हा टाळ्या पलीकडून आल्या.

पुढे आम्ही अर्ज केले, काही झाले नाही. पॉइंटवर पलीकडच्या वाडीने पहिली रापण ओढली त्या दिवशी दाजी स्वतः बांगड्यांची टोपली घेऊन गुरुदासाच्या अंगणात आला.

"रापणीचो नियम तुका ठावक आसा, गुरुदासा," तो म्हणाला. "जेना दोराक हात लावलो त्येका वाटो. तू तर एकट्यान अख्खो पॉइंट वडून दिलंस."

टोपली ठेवून तो गेला. गुरुदासाची बायको प्रेमलता टोपली उचलून आत घेऊन गेली. घरात दुसरे मासे नव्हते, अख्ख्या वाडीत नव्हते. तिने बांगडे साफ केले, तिरफळे घालून कालवण केले आणि ताट वाढले.

"मी ह्या खावचंय नाय," गुरुदास म्हणाला.

"आय बेग टू डिफर," प्रेमलता म्हणाली आणि ताट त्याच्यापुढे सरकवले.

गुरुदास जेवला.