मोरपिसांचं पुस्तक कुठल्या कपाटात?

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि असं समजा, की तुम्ही वाचनालयात गेला आहात. एका कपाटावर पाटी आहे, ‘जंगलातले सोबती’. त्यात हत्तीचं पुस्तक, अस्वलाचं पुस्तक, सापांचं पुस्तक. आणि त्यांच्या मधोमध एक पुस्तक असं, ज्याच्या मुखपृष्ठावर अगदी तुमच्या बाबांसारखा माणूस उभा आहे. काय वाटेल? लगेच सांगू नका. आधी अपेक्षाचं ऐका.

अपेक्षा आत्राम सहावीत होती. तिचे बाबा नागोराव किनवटकडचे, गोंड. त्या वर्षांत पुण्यात कल्याणीनगरला कॉम्प्युटरच्या नव्या नव्या कंपन्या उघडत होत्या. त्यातल्या एका कंपनीची बस नागोराव चालवत. राहायला विश्रांतवाडीत. पण दिवाळी आली की हे कुटुंब गावी पळायचं, कारण दिवाळीत तिकडे दंडार नाचतात. नागोराव डोक्यावर मोरपिसांचा हा एवढा मोठा टोप चढवून नाचत. एरवी बसचा हॉर्न वाजवणारा हा माणूस, पण त्या दिवसांत म्हातारीकोतारीसुद्धा देव मानून त्यांच्यापुढे हात जोडत.

सुट्टी संपल्यावर अपेक्षाने हे सगळं वर्गात सांगितलं, तेही मोठ्या ऐटीत. आणि त्याच आठवड्यात तिच्या वर्गातल्या तेजसला विश्रांतवाडीच्या वाचनालयात ते पुस्तक दिसलं. मुखपृष्ठावर तसाच टोप घातलेला एक नाचणारा माणूस.

“ए, हिचे पप्पा बघा! अस्वलाच्या शेजारी राहतात!”

सगळी पोरं खो खो हसली. अपेक्षा हसली नाही, रडलीही नाही. पण त्या दिवसापासून तिला एका जागी बसवेना. जेवताना अस्वल आठवे, गणितं सोडवताना अस्वल आठवे. शेवटी तिने एका दुपारी कोणी बघत नाहीसं पाहून ते पुस्तक उचललं आणि समोरच्या ‘देशोदेशीची माणसं’ या कपाटात, जपान आणि रशियाच्या मधे सरकवून दिलं.

दुसऱ्या दिवशी बघते तर पुस्तक परत अस्वलापाशी!

ग्रंथपाल होते अनंतकाका. सदाशिव पेठेतले, बँकेतून निवृत्त झालेले. बोलणं मोजकं, पण जे बोलतील ते टोचणारं. “पुस्तकांना पाय फुटलेले दिसतात,” ते चष्म्यावरून सगळ्या पोरांकडे बघत म्हणाले. “ज्यांना वस्तू हलवायची एवढी हौस आहे, त्यांनी मंडईत हमाली करावी. चार लोकांची सोय तरी होईल.”

आता यांच्यापुढे कोण तोंड उघडणार? त्यात वाचनालयात कॉम्प्युटर आला होता. कॉलेजात शिकणारी स्वराली दर शनिवारी येऊन एकेका कपाटातल्या पुस्तकांची यादी त्यात चढवायची. “एकदा आत गेलं की जागा पक्की,” काका अभिमानाने सांगत. “आपल्या सगळ्या शाखांत तीच दिसणार.” आणि येत्या शनिवारी पाळी होती ‘जंगलातले सोबती’ची.

अपेक्षाने काय करावं? शुक्रवारी तिने पुस्तक काढलं आणि जपानच्या रांगेमागे, भिंतीला टेकवून लपवलं.

शनिवारी ती सकाळपासून कॉम्प्युटरच्या आसपास घुटमळत होती. स्वराली जुन्या यादीतलं एकेक नाव वाचत होती. वाचता वाचता ती अडली. “काका, ते गोंडांवरचं पुस्तक कुठे दिसत नाही.”

“दिसत नाही ना? मग गहाळ लिही.”

“गहाळ म्हणजे काय हो काका?” अपेक्षाने विचारलं.

“म्हणजे ते पुस्तक आपल्याकडे नाही. त्याचं कार्ड फाडायचं, विषय संपला.”

अस्वलाशेजारी का होईना, बाबा इथे होते. आता कुठेच नसणार, आणि तेही तिच्याच करणीने! बोलावं तर चोरी उघडी पडणार, पुस्तक पुन्हा अस्वलापाशी जाणार, ते कायमचंच. स्वरालीची बोटं कळफलकावर चालू लागली.

“थांब ताई! मला माहितीये कुठे आहे ते.”

तिने जपानमागून पुस्तक काढून टेबलावर ठेवलं.

“अच्छा! म्हणजे पाय तुझे होते,” काका म्हणाले. “कारण कळेल का आम्हाला?”

“ते जनावरांचं कपाट आहे,” अपेक्षा म्हणाली. “हे माणसांचं पुस्तक आहे. माझे बाबा असेच नाचतात.”

“त्याला नंबर लागलेला आहे, बाळ. नंबर उगाच लागत नसतो.”

“नंबर लावला कोणी, काका?” स्वरालीने हळूच विचारलं.

काकांनी उभ्याउभ्याच पुस्तक उघडलं. लग्नं, गाणी, शेतीची कामं, घरं, देवदेवता. ते पानं उलटत राहिले. एकही अस्वल निघालं नाही.

“मी लावला,” ते खिडकीकडे बघत म्हणाले. “मोरपिसं बघितली आणि दिलं टाकून. आत डोकावलोच नाही.” मग त्यांनी पुस्तकाच्या पाठीवरची नंबराची चिठ्ठी नखाने खरवडून काढली. “स्वराली, माणसांत लिही. आणि तू गं, तुझ्या हाताने नेऊन ठेव.”

अपेक्षाने पुस्तक जपानशेजारी उभं केलं. आता तिने उड्या मारत घरी जायला हवं होतं, नाही का? पण ती ‘जंगलातले सोबती’पाशीच रेंगाळली. साप आणि मासे यांच्यामधे एक बारीकसं पुस्तक होतं, कातकरी आदिवासींवरचं.

“हेही माणसांचंच आहे, काका.”

“मग हलव तेही. आज तुझंच राज्य आहे.”

अपेक्षाने नकारार्थी मान हलवली. “मी कातकरी नाही. यात लिहिलंय ते खरं का खोटं, मला काय ठाऊक? त्यांनाच विचारा ना.”

“कोणाला विचारू? त्यांच्यातलं इथे कोणी येतं तरी का?”

“आली होती की. वीटभट्टीवरची राधा. पायरीपर्यंत आली, तर तुम्ही विचारलंत, सभासद आहेस का? मग गेली ती.”

स्वरालीने कळफलकावरचे हात उचलून काकांकडे पाहिलं.

अपेक्षाने ते बारीक पुस्तक फळीवरून काढलं, काकांच्या हातात ठेवलं आणि धडाधड पायऱ्या उतरून फाटकाबाहेर उन्हात जाऊन उभी राहिली.

“चला ना काका,” तिने तिथूनच हाक मारली. “भट्टी काही लांब नाही.”