अर्धीच बातमी

मित्रांनो, मी एक जुना वार्ताफलक आहे. सांडोरच्या वाचनालयाबाहेर भिंतीवर माझी जागा. गावच्या सुताराने मला फणसाच्या लाकडातून घडवले आणि काळा रंग दिला. तेव्हा शाळेत नुकत्याच शिकवू लागलेल्या उर्सुलाबाई रोज सकाळी माझ्यावर खडूने बातम्या लिहीत. निवडणुकीचा निकाल, नळाला पाणी कधी येणार, गावात कोण वारले. लोक सायकल थांबवून वाचत. खातरी केल्याशिवाय बाई एक अक्षर लिहीत नसत. त्यामुळे "फळ्यावर आलंय" म्हटले की वाद मिटे. मला त्याचा अभिमान होता.

पुढे टीव्ही आला, मग मोबाइल आले. माझ्यासमोर उभे राहून लोक हातातल्या पडद्यात बघू लागले. त्याचे मला फारसे दुःख नव्हते. बातमी लवकर पोहोचावी, हे चांगलेच. पण गेल्या वर्षी फ्लॉसीचे जे झाले, त्याचा राग अजून जात नाही.

फ्लॉसी आमच्याच गावची. आपल्या वाडीतली राजेळी केळी, माठाची पालेभाजी, वालाच्या शेंगा घेऊन ती बोळिंजच्या सोसायट्यांत विकायला जाई. एक दिवस मोबाइलवर एक व्हिडिओ फिरला. कुठल्याशा दूरच्या शहरात एक बाई गटाराच्या पाण्यात पालेभाजी धूत होती. तोंड दिसत नव्हते. खाली कोणी लिहिले होते, 'ही आपल्याकडे येणारी सांडोरची फ्लॉसी.' दुसऱ्या दिवशी तिला फाटकावरच अडवले. एकाने तिची टोपली नाल्यात उपडी केली.

ती रडत वाचनालयापाशी आली. "बाई, ज्या विहिरीचं पाणी आम्ही पितो त्यातच मी भाजी धुते. कोणाकोणाला सांगू?"

"तू नको सांगू. मी लिहिते," उर्सुलाबाई म्हणाल्या.

त्यांनी ठळक अक्षरांत लिहिले, 'फ्लॉसी गटारात भाजी धुते'. आणि खालच्या ओळीत, 'ही बातमी साफ खोटी आहे.'

दुपारी एका मोटारसायकलवाल्याने माझा फोटो काढला. संध्याकाळपर्यंत तो घरोघर पोहोचला. त्यात वरची ओळ तेवढी होती, खालची कापलेली. सोबत मजकूर होता, 'आता तर त्यांच्या गावच्या फळ्यावरच आलंय.'

इतक्या वर्षांचा माझ्यावरचा विश्वास असा कामी आला.

फ्लॉसीने टोपली उचलणे सोडले. केळी झाडावरच पिकून गळली. आता ती कामणच्या गोदामात खोकी भरते.

काही महिन्यांनी बोळिंजहून हेमांगी आली. ती फ्लॉसीची नेहमीची गिऱ्हाईक. "टीचर, तो व्हिडिओ इकडचा नव्हताच. आमच्या ग्रुपवर मीच टाकला होता, फक्त फॉरवर्ड केला हो. तुम्ही फळ्यावर लिहा ना, आमची चूक झाली म्हणून."

"इथे कशाला? ग्रुपवर लिही."

"तिथे आता कोणाच्या लक्षातही नाही. उगाच मलाच बोलतील."

"मग फ्लॉसीला सांग. येईलच ती एवढ्यात कामावरून."

हेमांगीने घड्याळ पाहिले. "आज जरा घाई आहे," म्हणाली आणि रिक्षात बसली.

मित्रांनो, मला नवा रंग नको, कौतुकही नको. एवढेच करा. कोणाचे नाव पुढे पाठवण्याआधी त्या माणसाला एकदा विचारा. फ्लॉसी रोज त्या सोसायटीवाल्यांच्या दारात उभी असायची. तिला कोणीही विचारले नाही.