पायऱ्यांवरचं मौन

टेकडीवरच्या दत्ताला एकशे बारा पायऱ्या आहेत आणि क्षमाताई त्या रोज सकाळी न बोलता चढत. अठरा वर्षांपूर्वी, यशश्री अकराची असताना, तिच्या शरीरातल्या राखणदार पेशींनी शत्रू समजून स्वतःच्याच इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारून टाकल्या. पोर कायमची इंजेक्शनवर आली. त्याच आठवड्यात क्षमाताईंनी नेम धरला. पहिल्या पायरीपासून प्रदक्षिणा संपेपर्यंत मौन, दर पायरीला मनातल्या मनात एक नाम. नवस नव्हता तो, मागणं काहीच नव्हतं. नुसतं रोज जाऊन उभं राहायचं.

यशश्री आता शहरातल्याच गोरखपूर भागातल्या शाळेत गणित शिकवते. शाळेआधी तीही आईबरोबर चढायची. तुरुतुरु पुढे जाऊन कठड्यावर बसायची आणि आई दिसली की घड्याळ दाखवून खिजवायची. आईला उलट बोलता येत नाही, हे तिला चांगलं ठाऊक होतं.

यंदा दिवाळीनंतर मात्र ती मागे पडायला लागली. सत्तराव्या पायरीच्या आसपास कमरेवर हात ठेवून थांबायची. साखर उतरली असणार, क्षमाताईंनी मनाशी ठरवून टाकलं. त्या घरात दम, घाम, थकवा या सगळ्यांना वर्षानुवर्षं हेच एक नाव होतं. त्यांनी पिशवीतला गुळाचा खडा लेकीच्या हातावर ठेवला. यशश्रीने मान हलवून नको म्हटलं, तसे त्यांनी डोळे मोठे केले. मौनातल्या बाईशी भांडणार तरी कसं? तिने मुकाट्याने खाल्ला. असा दोन महिने गूळ चालला.

एक दिवस खाली उतरल्यावर यशश्री भडकलीच. दंडावरच्या सेन्सरचे आकडे मोबाइलवर येत, तो तिने आईच्या नाकासमोर धरला.

"हे बघ. चढताना एकशे अठ्ठावन्न. आता दोनशे तीस! काहून रोज गूळ चारून राहिली मला?"

"चढताना कमी नव्हती?"

"एकदाही नव्हती, आई. मी मान हलवते, तू डोळे वटारते."

क्षमाताई तिथेच पायरीवर टेकल्या. साखर उतरली नव्हती, मग तो दम कशाचा? स्वतः गप्प असलं की दुसऱ्याचा श्वास नीट ऐकू येतो. दोन महिने त्यांनी तो ऐकला होता आणि रोज त्यावर गूळ ठेवून मोकळ्या झाल्या होत्या.

घरी यशश्रीचे वडील, रत्नाकरराव, म्हणाले, "अगं, रात्रंदिवस पेपर तपासून राहिली ती. थकणारच की."

"असेल," क्षमाताई म्हणाल्या. "पण दाखवून येऊ."

डॉक्टर वेदांग तरुण होते, हसतमुख. रक्त, थायरॉइड, ईसीजी, सगळं ठीक निघालं. मग त्यांनी हृदयाचा इको केला. "पंपिंग साठ टक्के. एकदम बढिया, काकू. घाबरायचं काही नाही."

"चलो, झालं!" यशश्रीने पर्स उचलली.

क्षमाताईंचा आवाज मुळातच हळू. डॉक्टरांना पुढे वाकून ऐकावं लागलं. "एक सांगू का? मी वर पोचले की माझी आणखी चाळीस नामं होतात, तेव्हा ही येते. दसऱ्यापर्यंत ही माझ्या आधी वर असायची. मी एकसष्ट वर्षांची आहे, डॉक्टर. माझे गुडघे काही सुधारलेले नाहीत."

"रोज मोजता?"

"मोजत नाही. नाम घेते."

डॉक्टरांनी फाइल मिटली होती, ती पुन्हा उघडली. "डायबिटीस किती वर्षांचा? अठरा? दीदी, परत झोपा जरा."

या वेळी त्यांनी बराच वेळ घेतला. दर ठोक्याला हृदयाची भिंत लांबीत किती आखडते, ते यंत्राला मोजायला लावलं. मग पडदा मायलेकींकडे वळवला.

"हा आकडा अठराच्या वर असलेला बरा. इथे सोळा आहे. ठोक्यानंतर सैल पडायलाही हृदय वेळ घेऊन राहिलंय. पंप चांगला आहे, पण त्याचा स्नायू थकायला लागलाय. नेहमीच्या इकोत हे लपून जातं. माझ्याकडूनही आत्ता गेलंच होतं."

यशश्रीचा चेहरा उतरला. "म्हणजे पायऱ्या बंद?"

"बंद काहून? चढा. एक गोळी देतो, साखर अजून काबूत आणू. फक्त चढताना अख्खं वाक्य बोलता आलं पाहिजे. वाक्य तुटलं की बसायचं. लवकर सापडलंय, सांभाळता येईल."

ऑटोत यशश्रीने आईकडे तिरकं पाहिलं. "सोमवार धरून राहिली ना मनात?"

"नाही गं."

"खोटं. तू उपास केला तर मी पण करीन, मग बस गूळ घेऊन."

क्षमाताईंना हसू आलं. मनातले सोळा सोमवार त्यांनी तिथेच सोडले.

दुसऱ्या दिवशी पहिल्या पायरीशी त्या बराच वेळ उभ्या राहिल्या. अठरा वर्षं त्यांनी देवाला एकच गोष्ट वाहिली होती. ती परत घ्यायची त्यांना लाज वाटत होती. पण या पोरीसाठीच तर वाहिली होती. त्यांनी हात जोडले आणि पाय उचलला.

"आज वर्गात काय शिकवणार?"

यशश्री अडखळलीच. "आई! नेम?"

"बदलला. तू बोल. पूर्ण वाक्यात."

मग काय, सहा महिन्यांत क्षमाताईंना अपूर्णांक आले, मुख्याध्यापिका बड्या दीदींची सगळी भांडणं पाठ झाली आणि शेजारच्या वर्गावरच्या आलोक सरांचं नाव जरा जास्तच येतं, हेही कळलं. कधी साठाव्या पायरीवर वाक्य तुटे, मग दोघी बसत. पुढे पुढे ते तुटेनासं झालं.

पुढच्या इकोला रत्नाकररावही आले. आकडा साडेसतरा होता.

"यंत्राचा थोडा फरक धरा," डॉक्टर म्हणाले, "पण घसरण थांबली. आता दर सहा महिन्यांनी बघत राहू."

बाहेर पडल्यावर रत्नाकरराव कोपऱ्यावरच्या दुकानात शिरले आणि खोव्याची गरम जलेबी घेऊन आले. यशश्रीने मनात डोसचा हिशेब केला, पोटात इन्सुलिन टोचलं आणि द्रोण पुढे ओढला.

"तुला अर्धी देऊ?" रत्नाकररावांनी बायकोला विचारलं.

"अर्धी काहून?" क्षमाताई म्हणाल्या, आणि त्यांनी अख्खी उचलली.