खिळे ठोकलेली खिडकी

मित्रांनो, मी एक जुनी खिडकी आहे. शिवणकामाच्या कारखान्यात, इस्त्रीच्या टेबलामागच्या भिंतीत माझं आयुष्य गेलं. बोलताना जरा कडू बोलेन, तेवढं सोसून घ्या.

सुताराने मला चांगल्या सागवानातून घडवलं. थोरल्या मालकांच्या काळी सकाळी जो पहिला येई, तो मला उघडी. वाफ बाहेर जाई, वारा आत येई. "ही आहे म्हणून आपण उकडून निघत नाही," असं इस्त्रीवाले काका माझं कौतुक करत.

मग धाकटे मालक आले. एकदा पावसाची झड आत आली आणि पांढऱ्या सदऱ्यांवर डाग पडले. मला उघडणाऱ्या बाईला त्यांनी त्याच दिवशी कामावरून काढलं आणि मला खिळे ठोकले. "मला विचारल्याशिवाय इथे काही हलायचं नाही," असं बजावलं. तेव्हापासून माणसं शिंकायचीसुद्धा विचारून. वाईट बातमी आणणाऱ्यावरच मालक डाफरत, म्हणून कुणी बातमी आणेनासं झालं. मालकांना वाटलं, सगळं छान चाललंय.

अशात साथ आली. मालक घरी बसले आणि फोनवरून हुकूम सुटू लागले. दाराशी ताप मोजायचं यंत्र आलं. 'अंतर ठेवा' असा कागद आला, तो माझ्याच काचेवर चिकटवला. मशिनी मात्र एकमेकींना खेटून होत्या तशाच. मला तोंड असतं तर तेव्हाच ओरडले असते.

कागदाच्या कडेने मला समोरची बेकरी दिसे. बेकरीवाल्या बाई रोज पायरीवर उभ्या राहून आपल्या कामगारांना विचारत, "कुणाला कसकस वाटतेय का? लपवू नका रे. घरी झोपा, पगार घरी येईल."

"मग पाव कोण भाजणार, बाई?"

"मी भाजते. करपले तर तुम्हालाच खायला घालीन."

इकडे काका खोकू लागले. शेजारची शिलाईवाली म्हणाली, "काका, घरी जा ना."

"गेलो तर जागा जाईल, पोरी. वाफेचा ठसका आहे, दुसरं काही नाही."

सुपरवायझरने हे ऐकलं. मालकांना सांगायला फोन काढला आणि पुन्हा खिशात ठेवला.

एका दुपारी काका टेबलापाशीच कोसळले. आता मात्र सुपरवायझरने फोन लावला. "साहेब, काका पडलेत. धाप लागलीय. खिडकी उघडू का?"

"मीटिंगमध्ये आहे. नंतर बोलतो."

आणि भरला कारखाना हात खाली सोडून त्या फोनकडे बघत उभा राहिला. याचाच मला आजही संताप येतो.

गलका ऐकून बेकरीवाल्या बाई धावत आल्या. "अहो, ती खिडकी उघडा आधी."

"साहेबांना विचारलंय."

"मग त्यांचं उत्तर येईपर्यंत यांनी श्वास धरून ठेवायचा का?"

सुपरवायझरचं तोंड उतरलं. त्याने पकड आणली आणि माझे खिळे उपटले. शेवटच्या खिळ्याबरोबर माझा एक टवकाही निघाला. दुखलं, पण वारा आत आला. बाईंनी पावाच्या टेम्पोतून काकांना दवाखान्यात नेलं.

काका वाचले. पण आता दोन पायऱ्या चढले की बसतात. त्यांना इस्त्रीवरून काढून घड्या घालायला बसवलंय.

साथ ओसरल्यावर मालक आले. मला उघडी पाहून लाल झाले. "कुणाला विचारून उघडली? हातोडी आण."

"मी उघडली, साहेब," सुपरवायझर म्हणाला. तो जागचा हलला नाही. "खिळे मारायचे तर तुम्हीच मारा. हे बघा काका, यांच्यासमोर मारा."

मशिनी थांबल्या होत्या. मालकांनी काकांकडे पाहिलं, मग दुसरीकडे. "बरं, राहू दे. पण पाऊस आला तर काय करणार?"

"कडी लावू, साहेब. तिला पहिल्यापासून कडी आहे."

मित्रांनो, माझ्या बिजागऱ्यांना तेल घाला, काचा पुसा, एवढं तर मी मागतेच. पण तुमच्यातलं कुणी उद्या चार माणसांवर मोठं होईल. तेव्हा वाईट बातमी घेऊन येणाऱ्याला आधी बसायला खुर्ची द्या. काकांच्या खोकल्याची बातमी वेळेवर पोचली असती, तर ते आजही उभ्याने इस्त्री करत असते.